सोलापूरची सकाळ कोणी ठरवली?

सोलापूरचा माणूस पहाटे उठतो, हे सोलापूरबद्दल बोलताना हमखास सांगितले जाते आणि त्याची कारणेही ठरलेली असतात. विणकरांचे गाव, कष्टाळू जात, कडक उन्हाचा मुलूख. ऊन चढायच्या आत कामे उरकायची, म्हणून सगळे गाव लवकर जागे. या स्पष्टीकरणात तथ्याचा अंश आहे, पण त्यातून एक प्रश्न सुटत नाही. ऊन पंढरपुरातही तेवढेच, माग पैठणला आणि येवल्यालाही होते. मग सगळ्या गावाने एका ठरलेल्या मिनिटाला उठण्याची सवय सोलापुरातच इतकी पक्की का झाली? मला याचे उत्तर स्वभावात सापडत नाही, इतिहासात सापडते. १८७७ च्या सुमारास सुरू झालेल्या आणि साधारण १९५० पर्यंत घट्ट झालेल्या एका व्यवस्थेने ही सकाळ घडवली. त्या व्यवस्थेत गिरणीचा भोंगा होता, रेल्वेचे घड्याळ होते, फॅक्टरी कायदा होता, पोलिसी हजेरी होती आणि नगरपालिकेचा नळही होता. यातला एकेक घटक जसजसा मोडत गेला तसतशी गावाची एकच एक सकाळही मोडली. आज सोलापुरात जितके धंदे तितक्या सकाळी आहेत.

आधीची सकाळ कशी होती, ते पाहू. गावात पहाटेच्या अंधारात पिंगळा फिरे, त्याच्यामागे उजाडता उजाडता वासुदेव येई. दोघेही लोकांना जागे करत, पण त्यांच्या हाकेला जो उठला नाही त्याचे काही बिघडत नसे. सुपातले मूठभर धान्य मिळाले नाही तर नुकसान झालेच तर वासुदेवाचे. घरात खरी पहाट बायकांची होती. ज्वारीचे पीठ फार दिवस टिकत नाही, शिळ्या पिठाची भाकरी थापता येत नाही. म्हणून जात्यावर बसणे जवळजवळ रोजचे. जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड साठा हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभर फिरून गोळा केला, त्यातल्या लाखाहून अधिक ओव्या या पहाटेच्या श्रमाचाच पुरावा आहेत. विणकराच्या गल्लीत पाजणीचा दिवस असला की पुरुषही लवकर उठत. ताणा गल्लीत लांबवर ताणायचा, कुंचल्याने खळ चढवायची आणि वारा-ऊन वाढायच्या आत ते काम संपवायचे, नाहीतर सूत कडक होऊन तुटते. आता कोणी म्हणेल, हाच तर पुरावा! सोलापूर गिरण्यांच्या आधीपासून पहाटे उठत होते. उठत होते, हे मान्य. पण ती पहाट सुताच्या गरजेची होती आणि पाजणी रोज नसे. बाकीच्या दिवशी माग उजेडाबरोबर सुरू होई, अमावास्येला बंद राही, सणाच्या आधी रात्री दिव्यावर चाले. विणकर सावकाराच्या कर्जात बुडालेला असला तरी सावकार लुगडी मोजत असे, तास मोजत नसे. मागावर बसायला घटकाभर उशीर झाला म्हणून पैसे कापणारे कोणी नव्हते.

दुसरा आक्षेप परंपरेच्या बाजूने येतो आणि तो अधिक वजनदार आहे. ब्राह्ममुहूर्तावर उठावे हे अष्टांगहृदयाच्या दिनचर्येच्या अध्यायात आहे, दासबोधातही रोजच्या दिनक्रमाचा उपदेश आहे. सोलापूर जिल्ह्यातच पंढरपूर आहे आणि तिथे विठ्ठलाचा काकडा पहाटे चारच्या सुमारास, पिढ्यान्‌पिढ्या. खुद्द सोलापुरात सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेल्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा आहे. भाविक ती सकाळी करतात, श्रावणात तर मोठ्या संख्येने. म्हणजे ठरल्या वेळी उठण्याची शिस्त इथल्या मातीतच होती, असा हा मुद्दा. त्याला माझे उत्तर दोन भागांत आहे. पहिले असे की उपदेश म्हणजे आचरण नव्हे. लवकर उठावे असे ग्रंथांनी पुन्हा पुन्हा सांगावे लागले, यावरून लोक तसे वागत होते यापेक्षा वागत नव्हते असाच तर्क जास्त निघतो. शिवाय अष्टांगहृदयातली दिनचर्या दंतधावन, अंजन, अभ्यंग, व्यायाम, स्नान अशी सावकाश पुढे जाते. ज्याच्या घरी पाणी भरायला दुसरे कोणी आहे, अशाच माणसाला ती झेपते. दुसरे उत्तर असे की पंढरपुरात काकड्याची वेळ पाळण्याचे काम बडवे, उत्पात आणि पुजारी, बेणारी, परिचारक अशा सेवाधाऱ्यांकडे वाटून दिलेले होते. देवाला वेळेवर उठवण्याची ती नेमलेली चाकरी होती. बाकीच्या गावाने काकड्याला जावे हे पुण्याचे, न गेल्यास शिक्षा नाही. देवळाची वेळ गावाच्या कानावर पडत होती, गावाच्या मिळकतीत शिरत नव्हती. फरक इथे आहे आणि माझा सगळा युक्तिवाद या फरकावर उभा आहे.

रेल्वे सोलापूरला १८६० मध्ये पोहोचली. तिच्याबरोबर गावात एक परकी वेळ आली, कारण पुढे देशभरच्या रेल्वेने मद्रासची वेळ धरली. सोलापूर मद्रासच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे स्टेशनवरचे घड्याळ गावच्या सूर्यापेक्षा सुमारे १७ मिनिटे पुढे चालू लागले. पण गाडीने जाणारे थोडे होते. या १७ मिनिटांनी कोणाची झोप मोडली नाही. ती मोडली मोरारजी गोकुळदासांच्या सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनीने, म्हणजे ज्याला सोलापूर आजही ‘जुनी मिल’ म्हणते तिने. कंपनी १८७४ ची, गिरणी चालू झाली १८७७ मध्ये. ते वर्ष नीट लक्षात घ्यावे. १८७६ ते १८७८ चा तो मोठा दुष्काळ, सोलापूर जिल्हा त्याच्या तडाख्यात, खेड्यांतून माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडायला निघालेली. तिथे हजेरीपत्रक, नेमून दिलेले काम आणि त्यावर तोलून दिलेले वेतन असा कारभार होता. गिरणीत नवे आलेल्या अनेकांनी वेळेची आणि हजेरीची पहिली सक्ती पोट रिकामे असताना अनुभवली, असे म्हणायला जागा आहे. त्यानंतर लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू, जाम अशा गिरण्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत उभ्या राहिल्या. १९०१ च्या जनगणनेत गावाची वस्ती ७५,२८८ होती, ती १९३१ पर्यंत दीड लाखाच्या आसपास गेली. ही वाढ मुख्यतः अशा माणसांची, ज्यांच्या घरात घड्याळ नव्हते.

घरात घड्याळ नसलेल्या माणसाला मिनिटावर हजर कसे करायचे, हा प्रश्न जगातल्या सगळ्या गिरणगावांपुढे होता. लँकाशायरमध्ये पैसे घेऊन लांब काठीने खिडक्या वाजवत फिरणारी माणसे होती. इंग्रज इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७ च्या त्यांच्या गाजलेल्या निबंधात दाखवले की कारखान्याच्या वेळेची शिस्त इंग्लंडच्या कामगारांतही उपजत नव्हती. घंटा, दंड, शाळा आणि प्रवचने यांच्या मदतीने ती दोन-तीन पिढ्यांत बाणवावी लागली. सोलापुरात ते काम भोंग्याने केले. बॉयलरची वाफ शिट्टीत सोडली की अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा आवाज होतो आणि त्यासाठी वेगळा खर्च नाही. पाळीच्या आधी एकाहून अधिक वेळा भोंगा द्यायची गिरण्यांची रीत होती: आधी उठवायला, मग घराबाहेर काढायला, शेवटी फाटक बंद होत असल्याचे कळवायला. ज्याला जॉबर, म्हणजे कामगार नेमणारा मुकादम, ओळखत नाही अशा बदली कामगाराला तर फाटकावर आणखी लवकर उभे राहावे लागे, कारण त्या दिवशी कोणाचा खाडा पडला तरच त्याला काम. उशिराबद्दल दंड किती सर्रास होता ते कळायला दूर जायला नको. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याला कामगाराच्या पगारातून दंड किती कापता येईल यावर मर्यादा घालावी लागली, एवढे पुरे. भोंग्याचा पल्ला गिरणीच्या भिंतीपाशी संपत नव्हता. दूधवाला, हमाल, शाळेचा मास्तर, कोर्टातला कारकून, कोणाचाही गिरणीशी संबंध नसो, सगळे त्याच आवाजावर उठू लागले. गावाला एकच सकाळ मिळाली ती तेव्हा.

या सकाळीची वेळ कोणती, हे पुढे सरकारने ठरवले. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबई अडून बसली. तिथे गिरणी कामगारांनीही नव्या वेळेला विरोध केला, कारण ती मुंबईच्या सूर्यापेक्षा ३९ मिनिटे पुढे होती आणि ही मिनिटे कोणाच्या झोपेतून जाणार हे त्यांना बरोबर कळले. मुंबई महापालिकेने तर ‘बॉम्बे टाइम’ पुढे कित्येक दशके सोडली नाही. सोलापूरचा सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे २६ मिनिटे मागे आहे. इथे असा काही गाजावाजा झाल्याचे दिसत नाही. आता त्याच्या शेजारी फॅक्टरी कायदा ठेवून पाहा. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचा कामाचा दिवस ११ तासांवर आणला आणि आठवड्याची सुट्टी दिली. १९११ ने कापडगिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस १२ तासांचा केला, १९२२ ने ११ तासांचा, १९३४ ने १० तासांचा, १९४८ ने ९ तासांचा आणि आठवडा ४८ तासांचा. यातल्या १९२२ च्या कायद्यात एक कलम असे की स्त्रियांना पहाटे साडेपाचच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कामाला लावू नये. कलम दयाळू वाटते. पण सोलापुरात जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि जूनच्या सुरुवातीलाही सहाला दहा मिनिटे कमी असतानाच. म्हणजे वर्षातला एकही दिवस असा नाही की ज्या दिवशी साडेपाचला सूर्य उगवलेला असतो. स्त्रीला अंधारात काम करावे लागू नये म्हणून केलेल्या कायद्याने सोलापूरच्या बाईला बारा महिने अंधारात घर सोडण्याची कायदेशीर मुभा मालकाला दिली. १९३४ मध्ये ती वेळ सहा झाली, तरी हिवाळाभर अंधार उरलाच.

सहाला वा साडेपाचला फाटकावर पोहोचणाऱ्या बाईने उठायचे केव्हा? दळण, पाणी, भाकरी, मुले, मग वाइंडिंग-रिलिंग खात्यातली जागा. बायका मुख्यतः याच खात्यांत होत्या. इथे मला एक अनुमान मांडायचे आहे आणि ते अनुमान म्हणूनच घ्यावे. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी आज खाऊगल्लीतली मिरवायची वस्तू झाली आहे. कडक भाकरी अनेक दिवस टिकते, चटणीला रस्सा नसतो, दोन्ही फडक्यात बांधून नेता येतात आणि पहाटे चूल पेटवल्याशिवाय न्याहारी होते. हा पदार्थ गिरण्यांनी निर्माण केला असे मी म्हणत नाही. उत्तर कर्नाटकात आणि इकडच्या खेड्यांत तो आधीपासून आहे, प्रवासाला आणि शेतावर नेला जाई. पण प्रवासाचे अन्न शहराचे रोजचे अन्न व्हायला रोजचा प्रवास लागतो आणि तो भोंग्याने घडवला. चहाचे तर नक्की सांगता येते. १९०३ मध्ये चहावर उपकर बसवून प्रचाराची समिती निघाली आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात या प्रचारकांनी कारखाने, कोळशाच्या खाणी आणि कापडगिरण्या हेरून तिथे चहाचे स्टॉल लावले. ज्याला आज आपण सकाळचा पिढीजात चहा समजतो तो वयाने भोंग्यापेक्षा लहान आहे. पिठाची गिरणी पेठेत आली तेव्हा जाते सुटले. बाईच्या पहाटेतला सर्वांत जड तास तिने उचलला, हा गिरणगावाने बायकांना दिलेला एकमेव निखळ फायदा म्हणता येईल. मात्र तो वाचलेला तास झोपेला मिळाला की कामाला, हे कोणी विचारले नाही.

या सकाळीचे सर्वांत उघडे रूप पाहायचे तर सेटलमेंटमध्ये पाहावे. १८७१ च्या गुन्हेगार जमात कायद्याची सुधारलेली आवृत्ती १९११ मध्ये आली, ती मुंबई इलाख्यातही लागू झाली आणि त्याच दशकात सोलापुरात काटेरी तारांच्या कुंपणात वसाहत उभी राहिली. कैकाडी, कंजारभाट, टकारी, पारधी अशा जमातींची कुटुंबे तिथे आणून ठेवली. सोलापूर हे ठिकाण निवडण्यामागे गिरण्या होत्या. वसाहतीतल्या माणसांना गिरणीत काम आणि गिरण्यांना पळून जाता न येणारे मजूर. या माणसांना हजेरी दोनदा होती, एक वसाहतीत आणि एक फाटकावर. बाकीच्या कामगाराचा खाडा पडला तर रोज बुडे. यांच्या खाड्याला पोलीस विचारत. लवकर उठणे हे चारित्र्याचे लक्षण आहे, सुधारणा आहे, असे वसाहतीच्या चालकांचे तत्त्वज्ञान होते, आणि आज ‘यशस्वी माणसाची सकाळ’ विकणाऱ्यांचे तत्त्वज्ञान याहून फार वेगळे नाही. मुंबई राज्याने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला, देशाने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. विमुक्त दिन म्हणून ती तारीख पाळली जाते. सोलापुरात सेटलमेंट हे नाव अजून आहे. पत्त्यात लिहितात, रिक्षावाल्याला सांगतात.

आता सर्वांत अवघड आक्षेप. ही सगळी मांडणी कामगाराला मेंढरू समजते, असे कोणी म्हणेल. भोंगा त्याचाही होता. या म्हणण्यात बरेच खरे आहे. १९०७-०८ च्या फॅक्टरी कमिशनपुढे मालकांची तक्रारच अशी होती की हिंदी कामगार यंत्रापासून उठतो, हातपाय धुतो, खातो, विडी ओढतो आणि मग सावकाश परत येतो. बारा-तेरा तासांच्या दिवसात माणसाने आपली सकाळ गिरणीच्या आवारात नेली होती. घरून न्याहारी न करता तो येई आणि नऊ-दहाला तिथेच भाकरी सोडी. मालकाने वेळ विकत घेतली, कामगाराने तिला भोके पाडली. पुढे त्याने वेळेचा हिशेब शिकून घेतला. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या मुंबईतल्या चळवळीने १८९० मध्ये गिरणीमालकांकडून रविवारची सुट्टी मिळवली, कायदा वर्षभराने आला. सोलापुरात १९२० आणि १९३४ चे संप झाले. संपाच्या सकाळी भोंगा वाजला आणि फाटकात कोणी शिरले नाही, तर तोच आवाज मालकाची फजिती गावभर ऐकवतो. शिवाय भोंग्यावर उठणाऱ्याला भोंग्यावर सुटताही येते. हातमागावर घरी बसलेल्या विणकराला ही सोय नव्हती. म्हणून जुन्या कामगारांना भोंग्याची माया वाटते तेव्हा ती खोटी नसते. नियमित पगार, प्रॉव्हिडंट फंड, ठरलेली सुट्टी, हे सगळे त्या आवाजाशी बांधलेले होते. पण या मायेवरून सवय आपणहून घेतलेली होती असे ठरत नाही. लादलेल्या वेळेतून कामगाराने हक्क काढले. वेळ लादलेलीच होती.

याची कसोटी आपोआप लागली. २७ ऑगस्ट १९४९ रोजी जुनी मिल बंद पडली. सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला, भागधारक न्यायालयात गेले आणि चिरंजीतलाल चौधरी खटल्याचा निकाल डिसेंबर १९५० मध्ये लागला. कायद्याचे विद्यार्थी तो समानतेच्या हक्कावरचा महत्त्वाचा निकाल म्हणून अजून वाचतात. एका गिरणीच्या भोंग्यामागे किती संसार होते हे दिल्लीला त्या निमित्ताने कळले. पुढच्या अर्धशतकात बाकीच्या मोठ्या गिरण्याही एकेक करून थंडावल्या. लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात, नरसिंग गिरजी त्यानंतर. लवकर उठणे हा गावाचा स्वभाव असता तर भोंगे बंद पडल्यावरही सगळे गाव एका वेळी उठत राहिले असते. तसे झाले नाही. शहराच्या पूर्वभागात यंत्रमागाची पाळी बारा तासांची, दिवसाची आणि रात्रीची. गल्लीत एकाची सकाळ ती शेजाऱ्याची झोपायची वेळ. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, अर्ध्या देशाच्या सकाळच्या अंघोळीचा टॉवेल इथून जातो आणि तो विणणारा रातपाळीचा माणूस त्या वेळी अंथरुणावर पडत असतो. विडी कामगार बाई सकाळी तयार विड्या घेऊन कारखान्यात जाते, मोजून देते, छाट, म्हणजे नाकारलेल्या विड्यांचे नुकसान, सोसते, तेंदूपाने आणि तंबाखू घेऊन परतते आणि मग तिचा खरा दिवस घरात सुरू होतो, ज्याला शेवट नाही. विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा आहे, पण घरातल्या सुपावर पाळी सुरू झाल्याचा भोंगा कोण देणार? पुण्याला जाणाऱ्याची सकाळ साडेसहाच्या हुतात्मा एक्सप्रेसने ठरते. नोकरीसाठी गाव सोडणाऱ्या तरुणांच्या पिढीचा भोंगा म्हणायचा तर हीच गाडी.

एक घटक मात्र मोडला नाही, उलट बळकट झाला. एकरुख तलाव १८७१ च्या आसपास पुरा झाला आणि त्या शतकाच्या अखेरच्या दशकांत त्याचे पाणी शहराला मिळू लागले. तोवर विहिरीवर आणि सिद्धेश्वर तलावाच्या काठी जाणारी बाई आपल्या सोयीने जाई. नळ आला आणि नळाची वेळ आली. आता उजनीचे पाणी आहे, टाकळीचे आहे, त्याच एकरुखचे आहे, वस्ती २०११ मध्ये साडेनऊ लाखांवर गेली आणि शहरात पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी ‘पाणी आहे’ त्या दिवशी घराची सकाळ पाण्याच्या वेळेवर चालते, मग ती पहाटे तीनची असो की दुपारची. कामावर खाडा पडतो, मुलाची शाळा बुडते, पिंपे भरली जातात. गिरणी आणि नळ यांची बरोबरी करणे ओढून-ताणून वाटेल. एक खासगी मालकाचा धंदा, दुसरी लोकांनी निवडलेल्या संस्थेची सेवा. पण माझा मुद्दा मालकीचा नाही. ज्याच्यावाचून दिवस निभत नाही अशी गोष्ट ज्याच्या हातात, तो माणसाची सकाळ ठरवतो. पूर्वी ती मजुरी होती, आता बऱ्याच घरांत पाणी आहे. एक फरक भोंग्याच्या बाजूने सांगावा लागेल: भोंगा रोज त्याच वेळी वाजत असे.

या इतिहासाची कागदपत्रे एकांगी आहेत. फॅक्टरी कमिशनचे अहवाल आहेत, लेबर ऑफिसने १९२० च्या दशकात केलेली गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी आहे, धनंजयराव गाडगीळांचा सोलापूर शहराच्या सामाजिक-आर्थिक अभ्यासाचा १९६५ चा ग्रंथ आहे, मंजिरी कामतांचे सोलापूरच्या कामगारांवरचे संशोधन आहे. त्यांतून मजुरी कळते, भाडे कळते, संप कळतात. वाइंडिंग खात्यातली बाई साडेपाचच्या फाटकासाठी कितीला उठत होती, पाणी कोण भरत होते, तान्हे मूल कोणाजवळ ठेवत होती, हे कुठल्याही रजिस्टरात नाही. त्या खात्यांत काम केलेल्या शेवटच्या पिढीतल्या स्त्रिया आता सत्तरीच्या, ऐंशीच्या घरात आहेत. अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या इतिहास आणि समाजशास्त्राच्या विभागांनी त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचे काम याच वर्षी हाती घ्यावे. ज्या घरांत गिरणीचे हजेरी कार्ड, गेटपास, पगाराची चिठ्ठी अजून ट्रंकेत पडून असेल, त्यांनी ती रद्दीत घालू नये. विद्यापीठात किंवा हिराचंद नेमचंद वाचनालयात नेऊन द्यावी.